पाकीट, डबा आणि दाढ : नववीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीत ४१ मुलं आहेत. पाकिटातल्या खाण्याचा त्यांच्या दातांशी काय संबंध आहे, हे त्यांच्याच हातून शोधायचं असा हा प्रकल्प. दुसऱ्या शाळेत कुणी करणार असेल तर आमचे फुकट गेलेले आठवडे तरी वाचावेत, म्हणून नोंदी लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत. दातांचं सगळं ज्यांनी तपासलं त्या डॉक्टर आमच्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. त्यांनी एक रुपया घेतला नाही.

८ जुलै २०२४

प्रश्नावलीनं सुरुवात केली आणि पहिला आठवडा त्यातच गेला. 'दिवसातून किती वेळा दात घासता?' ४१ पैकी ३८ जणांनी 'दोनदा' लिहिलं. 'दुकानातलं खाता का?' बहुतेकांनी लिहिलं 'कधी कधी'. मधल्या सुट्टीनंतर कुंपणाच्या तारेला अडकलेली पाकिटं मी रोज बघते, त्यामुळे हे खरं नाही हे कळत होतं. पण दोष मुलांचा नाही. बाईंनी विचारलं की बाईंना आवडेल ते उत्तर येणार. प्रश्नावली बाजूला ठेवली. तिच्यातला एकही आकडा पुढे वापरलेला नाही.

१५ जुलै

नवा उपाय: जे खाल्लं त्याचं रिकामं पाकीट आणायचं, वर्गातल्या खोक्यात टाकायचं. नाव लिहायचं नाही.

२२ जुलै

आठवड्यात २१२ पाकिटं जमली. मी खूश होते. मग एका मुलीनं हळूच सांगितलं, "मॅडम, पोट्टे रस्त्यावरची उचलून आणतात." खोकं भरवणाऱ्या बाकाला शाबासकी देईन असं मीच बोलले होते, तिथं चूक झाली. खोकं रिकामं केलं, शाबासकी बंद.

आता पाकीट फोडलं की त्याच्या मागं बॉलपेननं वेळ लिहायची. चकचकीत कागदावर शाई पुसली जाते, म्हणून कागदाची चिठ्ठी डकवायची. दोन दिवसांत ही पद्धत बसली, आणि पाकिटांपेक्षा चिठ्ठ्यांवरच्या वेळा जास्त बोलक्या निघाल्या. ९:४०, १०:२०, ११:०५, १२:३०. पाच रुपयांचं एकच पाकीट खिशात ठेवून दोन-दोन तास खाल्लं जात होतं. हे मला अपेक्षित नव्हतं. माझं लक्ष तोवर 'किती' यावर होतं.

३ ऑगस्ट

शनिवारची शाळा. पाकिटांची मागची बाजू वाचली. अक्षरं इतकी बारीक की प्रयोगशाळेतली भिंगं वाटावी लागली.

मुलांना आधी एकच नियम सांगितला: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे सर्वांत जास्त ते पहिलं. मग साखरेची दुसरी नावं फळ्यावर लिहिली: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिन वेगळं लिहिलं, कारण ती साखर नव्हे, पण स्टार्च तोडून केलेली असते आणि तोंडात तिची साखर व्हायला वेळ लागत नाही. मसाल्याच्या तिखट पोंग्यांवर साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन दोन्ही सापडल्यावर वर्ग चकित झाला. 'गोड नाही म्हणजे दातांना चालतं' ही समजूत तिथं ढिली झाली. पाकिटावर आयएनएस म्हणून घातलेल्या पदार्थांचे क्रमांक असतात; आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल आणि आयएनएस ३३८ म्हणजे फॉस्फरिक आम्ल, हेही याच दिवशी.

गणितात चूक झाली. शीतपेयाच्या बाटलीवर १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर लिहिलेली. मुलांनी तेवढीच वहीत उतरवली. बाटली २५० मिलीची होती. म्हणजे २६.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. २००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. एका बाटलीत दिवस संपला. ही साखर तराजूवर मोजून बशीत ठेवली. बशी आठवडाभर टेबलावर होती, मुंग्या लागल्या तेव्हा काढली.

१० ऑगस्ट

हा दिवस पूर्ण वाया गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला प्रयोग अंड्याच्या टरफलाचा. टरफल कोल्यात दोन दिवस ठेवलं. तपकिरी डाग पडले. मुलांनी निष्कर्ष काढला की कोल्यानं दात काळे होतात. मला दाखवायचं होतं आम्लानं होणारी झीज, आणि दिसला फक्त रंग. शिवाय टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, दाताचं वरचं कवच कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचं. दोन्ही सारखेच विरघळतील असं मुलांना सांगणं बरोबर नाही. हा प्रयोग सगळीकडे दाखवतात, मी करू नका असंच सांगेन.

दुसरा प्रयोग सामूचा, म्हणजे पीएचचा. आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. १ ते १४ चा पीएच पेपर आणला. कोल्याच्या रंगामुळे पट्टीचा रंगच कळेना. पांढऱ्या लिंबू-सोड्यावर पट्टी नीट लाल झाली, तेवढं जमलं. पण थुंकीचा सामू ६ की ७ हे त्या पट्टीवर ओळखता येत नाही. म्हणून ४.५ ते ७ ची पट्टी यवतमाळहून मागवली, २८० रुपये. पाच मुलांनी शीतपेय प्यायलं, दर पाच मिनिटांनी थुंकी तपासली. दहा मिनिटांत सगळ्यांचा सामू जागेवर! "मॅडम, मग कोल्यानं काहीच होत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही लाळ मोजताय. कीड लागते ती लाळेत नाही, दाताला चिकटलेल्या जंतूंच्या थराखाली." १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी तो थर मोजला होता. साखरेच्या पाण्याची चूळ भरली की थरातले जंतू तिचं आम्ल करतात, थराचा सामू काही मिनिटांत कोसळतो आणि वर यायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कवचातली खनिजं बाहेर पडू लागतात. सामू वर आला की लाळ ती परत भरते. ते मोजणं शाळेत शक्य नाही. पट्ट्या डब्यात परत गेल्या.

पण त्यांच्या बोलण्यानं चिठ्ठ्यांवरच्या वेळांचा अर्थ लागला. दोन तास पुरवून खाल्लेल्या पाकिटात थराला वर यायला सवडच मिळत नाही. तेच पाकीट पाच मिनिटांत संपवलं तर मिळते. फळ्यावर घड्याळ काढून दाखवलं, मुलांना लगेच कळलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. स्वीडनमध्ये वीपेहोल्मच्या संस्थेत १९४० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांना गोड पदार्थ वेगवेगळ्या प्रकारे खायला दिले होते. जेवणासोबतच्या साखरेपेक्षा जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीनं कीड कितीतरी जास्त वाढली. त्या रुग्णांना कुणी विचारलं नव्हतं. हे ऐकून मला आठवलं की मीही पालकांना न विचारता मुलांच्या दातांचे फोटो मोबाइलवर काढले आहेत. त्याच रात्री सगळे पुसले. संमतिपत्रं छापून सोमवारी घरी पाठवली. हे पहिल्या दिवशी करायचं काम होतं.

२४ ऑगस्ट

आयोडीनचा प्रयोग. हा जमला, पण दुसऱ्या खेपेला.

कृती: पदार्थ खायचा, दहा मिनिटं थांबायचं, घोटभर पाण्यानं जोरात चूळ भरून पांढऱ्या वाटीत थुंकायचं, वाटीत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. स्टार्च असेल तर निळं-काळं. आयोडीन मुलांच्या हातात द्यायचं नाही, थेंब मीच टाकले.

पहिल्या खेपेला वाट्या ओळीत मांडून नावं लिहीत बसले. अर्ध्या तासानं थेंब टाकले तर बऱ्याच वाट्या पिवळ्याच. लाळेतलं अमायलेज वाटीतही काम करत राहतं, त्यानं स्टार्च संपवला होता. जे आठवीत स्वतः शिकवते तेच विसरले. थुंकल्या थुंकल्या लगेच थेंब टाकायचा.

दुसऱ्या खेपेला चिप्स आणि क्रीमचं बिस्किट दहा मिनिटांनी गर्द निळं, वीस मिनिटांनीही निळं. पेरूचं काहीच नाही. मग एका मुलानं डब्यातली ज्वारीची भाकरी खाऊन चूळ आणली. तीही निळी. "मॅडम, भाकरी पण वाईट?" हा प्रश्न टाळता येणार नव्हता. भाकरीत स्टार्च असतोच. वीस मिनिटांनी तिचा रंग फिका पडला, चिप्सचा तितका नाही, हे सगळ्यांनी बघितलं. भाकरी आपण भाजीसोबत चावून, दिवसातून दोन-तीनदा खातो आणि थांबतो. गणिताच्या तासाला बाकाखाली भाकरी कुणी खात नाही.

एका मुलाची वाटी चाळीस मिनिटांनीसुद्धा निळीच राहिली. दोनदा चुळा भरून आला, तरी निळीच. टॉर्च लावून बघितलं: खाली उजवीकडच्या दाढेत शेंगदाणा मावेल एवढा खड्डा. तिथं अन्न बसलेलं. त्याला दुखत होतं का विचारलं तर म्हणाला, डाव्या बाजूनं खातो.

५ सप्टेंबर

पोळा सोमवारी झाला, मंगळवारी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन घरोघर फिरून मिळालेला बोजारा, म्हणजे मुलांना दिलेले पैसे, दुकानातच गेला. या आठवड्याच्या चिठ्ठ्या नेहमीच्या दुप्पट. हा आठवडा सरासरीत धरलेला नाही. सणाच्या आठवड्यात मोजणी ठेवू नका.

थर दिसावा म्हणून खाण्याचा लाल रंग दातांना लावून बघितला. थर छान दिसला. अकरा पांढरे शर्ट लाल झाले. चार आयांनी येऊन सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. करायचंच असेल तर घरी, आंघोळीच्या आधी.

२१ सप्टेंबर

डॉक्टरताई आल्या. संमती आलेली ३६ मुलं तपासली. एका मुलाला साधारण चार मिनिटं, खिडकीच्या उजेडात, आरसा आणि टॉर्च.

त्याआधी मी स्वतः टॉर्चनं बघून पांढरे डाग असलेली २९ मुलं 'कीड सुरू झालेली' म्हणून लिहून ठेवली होती. ताईंनी यादी बघितली आणि पेन्सिल मागितली. १७ नावं खोडली. आमच्या भागात विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि ते डाग फ्लोरोसिसचे होते. विदर्भातल्या आणि नांदेडकडच्या शिक्षकांनी हा फरक आधी शिकून घ्यावा. फ्लोरोसिसचे डाग दोन्ही बाजूंच्या त्याच दातांवर, जोडीनं दिसतात. आडव्या पांढऱ्या रेघा किंवा ढगासारखे, कधी तपकिरी. दात उगवतानाच ते असतात. किडीची सुरुवात हिरडीच्या कडेला, जिथं थर साचतो तिथं. दात कोरडा केला की खडूसारखी मळकट पांढरी दिसते. राहिलेल्या १२ पैकी दोघींच्या दातांना तारा आहेत आणि त्यांचे डाग बरोबर तारेच्या चौकटींभोवती होते.

प्रत्यक्ष खड्डे १४ मुलांना. त्यातल्या बहुतेकांचा खड्डा सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या पक्क्या दाढेत. चाळीस मिनिटं निळी वाटीवाल्या मुलाचाही तिथंच.

२३ सप्टेंबर

त्याचे वडील आले. म्हणाले, "दुधाचा दात हाये मॅडम, पडन ना." हे मी त्या आठवड्यात पाच पालकांकडून ऐकलं. सहाव्या वर्षीची दाढ दुधाच्या दाढांच्या मागं, काहीही न पडता येते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागं आणखी एक येते, तीही तशीच. नववीतल्या मुलांच्या तोंडात ही दुसरी दाढ जेमतेम दोन वर्षांची असते. एनॅमल अजून नीट पक्कं झालेलं नसतं, खाचा खोल असतात, ब्रश मागपर्यंत पोचत नाही, आणि नेमकी याच वयात हातात स्वतःचे दहा रुपये येतात. मी पालकांना आरसा देऊन त्यांच्याच मुलाच्या तोंडात दाढा मोजायला लावल्या. बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग झाला.

पेस्टबद्दल सगळ्यांचा एकच प्रश्न: पाण्यात फ्लोराइड आहे, मग फ्लोराइडची पेस्ट कशी वापरायची? ताईंचं उत्तर: डाग पडतात ते दात हाडात तयार होत असताना पोटात गेलेल्या फ्लोराइडनं. आठ वर्षांनंतर, अक्कलदाढा सोडल्या तर, दातांचे दिसणारे भाग तयार झालेले असतात. चौदा वर्षांच्या मुलाला पेस्टनं नवे डाग पडत नाहीत, उलट ती कवच टिकवते. लहान भावंडांना वाटाण्याएवढीच पेस्ट, आणि गिळू द्यायची नाही. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, भसाभसा चुळा भरायच्या नाहीत. आंबट पेय प्यायल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, अर्धा तास थांबायचं.

७ ऑक्टोबर

जुलैमध्ये विचारायला हवा होता तो प्रश्न आज विचारला: आठवीत असताना मधल्या सुट्टीत काय खायचात? "खिचडी." शालेय पोषण आहार पहिली ते आठवीला मिळतो. नववीत तो बंद. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे निघते, डब्याऐवजी दहाची नोट देते. ४१ पैकी १९ मुलं दुपारी पाकिटावर होती. तीन महिने मी याला जिभेचे चोचले समजत होते. ती भूक होती. फार वाईट वाटलं.

दुकानात गेले. फाटकापासून टेपनं मोजलं तर ३२ मीटर. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेतल्या मुलांना विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. मी नियमाचा कागद पिशवीतच ठेवला. दुकानदारभाऊंची मुलगी आमच्याकडे सातवीत आहे. ते म्हणाले, "मॅडम, मालच हा खपते. दुसरं आणलं अन् नाही खपलं तं?" बरोबर प्रश्न होता. ठरलं असं: महिनाभर फुटाणे, शेंगदाणे, पेरू, काकडी ठेवायची, उरेल ते शिक्षक विकत घेतील. मी चिक्कीही सुचवली होती. ताईंनी फोनवर थांबवलं: गूळही साखरच, आणि दाढेच्या खाचेत तो टॉफीसारखाच बसतो. चिक्की यादीतून काढली.

(पुढं जोडलेली ओळ) पहिल्या आठवड्यात उरलेला माल ३४० रुपयांचा. चौथ्या आठवड्यात ६०.

२५ नोव्हेंबर

सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, मग विधानसभा निवडणुकीची प्रशिक्षणं आणि २० तारखेचं मतदान. सात आठवडे प्रकल्प बंद. चिठ्ठ्यांचं खोकं मतदान केंद्राची खोली साफ करताना गेलं. सप्टेंबरपर्यंतचे आकडे वहीत होते म्हणून वाचले.

चिठ्ठ्यांऐवजी आता कार्ड. पाण्याखेरीज काहीही तोंडात गेलं की एक रेघ. अर्ध्या तासानंतरही तेच पाकीट चालू असेल तर दुसरी रेघ. हे दुसरं वाक्य सांगायला आधी विसरले होते, दोन दिवसांची कार्डं बाद करावी लागली.

१४ डिसेंबर

जुन्या चिठ्ठ्यांवरून काढलं तर ऑगस्टमध्ये बहुतेकांच्या दिवसाला ८ ते ११ रेघा होत्या. आता ५ ते ७. चिठ्ठी आणि कार्ड या दोन वेगळ्या पद्धती आहेत, त्यामुळे फरक नेमका एवढाच असं मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या महिन्यांत कीड कमी झाली की नाही हे दातांवर दिसणारही नाही. डब्याचं मात्र दिसतं: १९ पैकी ११ मुलं आता काहीतरी आणतात, रात्रीची भाकरी आणि चटणी का होईना. दोन मुलं स्वतः सकाळी पोळ्या लाटतात. खाल्ल्यावर चूळ भरायला फाटकाजवळच्या नळाला रांग लागते. नळ दुपारी कोरडा असतो म्हणून मुलांनीच ड्रम भरून ठेवायची पाळी लावली आहे.

उरलेल्या आठांच्या घरी डबा होऊच शकत नाही. त्यांच्यासाठी शिक्षकांनी महिन्याला थोडे पैसे काढून फुटाणे-शेंगदाणे ठेवले आहेत. हे कायमचं उत्तर नाही.

खर्च: साधा पीएच पेपर १२०, बारीक पट्टी २८०, आयोडीन ४५, खाण्याचा रंग ३०, पेयं आणि पदार्थ १५०, आरसे व टॉर्च ३४०. एकूण ९६५ रुपये. दोन्ही पीएच पेपर आणि रंग मिळून ४३० वाया. प्रकल्प पुन्हा केला तर भिंगं, आयोडीन, आरसे आणि कार्डं एवढंच घेईन.

१३ जानेवारी २०२५

उद्या संक्रांत. तिळगुळाची रेघ मारायची का, असं मुलींनी विचारलं. मारायची, पण तिळगूळ सोडायचा नाही. घरी आल्यावर सगळे लाडू खिशात ठेवून दिवसभर चघळण्यापेक्षा जेवणासोबत खायचे, मग चूळ.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला १४ जणांची यादी दिली होती. नऊ जणांचे खड्डे भरून झाले. चौघांच्या दुसऱ्या दाढांच्या खाचांवर ताईंनी खाचा बुजवणाऱ्या सीलंटचा लेप दिला. तिघं भीतीपोटी गेलेच नाहीत, त्यांच्यासोबत मी शनिवारी जाणार आहे. एकाच्या घरून होकार यायचा आहे.

निळ्या वाटीच्या मुलाची दाढ नुसती भरून भागणार नाही, मुळापर्यंत गेली आहे. तारीख २१ जानेवारीची मिळाली. वडिलांनी त्या दिवशीची मजुरी सोडायचं कबूल केलं आहे. पंधरा दिवस तो कुठल्याच बाजूनं चावू शकलेला नाही, म्हणून डब्यात त्याची आई भाकरी दुधात कुस्करून देते.

आठवीच्या पालकांची सभा मार्चमध्ये ठेवली आहे, खिचडी बंद व्हायच्या आधी.